सत्काराची बंदूक

नेमबाज नूतन ऑलिम्पिकहून पदकाशिवाय परतली, तरी अवसरीकरांनी तिची उघड्या जीपमधून मिरवणूक काढली. गावाला निमित्तच हवं असतं. फोटोसाठी कुणीतरी पिकं राखायची जुनी दुनळी बंदूक तिच्या हातात दिली. न तपासलेली बंदूक हातात धरायची नाही, हा तिच्या खेळाचा पहिला धडा. पण वडीलधाऱ्यांना नाही कसं म्हणायचं? नळी आभाळाकडे वळवायच्या आतच झिजलेला घोडा सुटला आणि पारावर बसलेली आठ वर्षांची श्रेया कोसळली.

नूतनच्या बापाने, भगवंताने, बंदूक हिसकावून घेतली आणि पोलिसांना सांगितलं, "माझ्याच हातून सुटली." गावाने मिठाची गुळणी धरली. भगवंत दोन वर्षं तुरुंगात बसला. नूतनने नेमबाजी सोडली, ती डॉक्टर झाली आणि बापाच्या आग्रहाने तिने गावातच दवाखाना काढला. श्रेयाची आई साळुबाई त्या दिवशी मंचरच्या बाजारात कांदा निवडायला गेली होती. तिला काय कळणार, असं सगळे धरून चालले.

याला बारा वर्षं झाली. भगवंत मागच्या महिन्यात वारला. नूतनला पुण्यातल्या मोठ्या हॉस्पिटलात नोकरी लागली होती, रविवारी निघायचं होतं. साळुबाई दर सोमवारी बीपी बघायला तिच्या दवाखान्यात यायची. त्या सोमवारी बाकीचे पेशंट गेल्यावर नूतनने दार लोटलं. जाण्याआधी खरं बोलून एकदाचं मोकळं व्हायचं, एवढंच तिला हवं होतं. स्वार्थच तो, दुसरं काय.

"मावशी, त्या दिवशी बंदूक माझ्या आबांच्या हातात नव्हती. माझ्या हातात होती."

"ठावं हाय मला," साळुबाई म्हणाली. "तुझा बाप जामिनावर सुटला, तवाच येऊन माझ्या पायावर पडला. समदं बोलला."

"मग तुम्ही गप्प का राहिलात?"

"तुला जेलात घालून माझी पोर परत येनार व्हती का? तिला नेनारी जीप हायवेला अडकली, मंचरला पोचूस्तोवर ती गेली. गावात डाक्टर न्हवता. मी म्हनले, तुझ्या पोरीला डाक्टर कर आन् हितंच ठिव. तिनं आठवड्याला माझं तोंड बघितलं पायजे. त्यानं शब्द दिला."

डॉक्टर होणं हे आपणच घेतलेलं प्रायश्चित्त, असं नूतन इतकी वर्षं समजत होती. 

साळुबाईने दंड पुढे केला. नूतनने पट्टा बांधला, पण आकडा तिला दोनदा घ्यावा लागला.

"पुन्याला चाललीस म्हनं. बाप मेला म्हनून शब्द मरत न्हाई. गोळ्या लिव्ह, आन् फुडल्या सोमवारची तारीख घाल."

नूतनने कागद ओढला आणि तारीख घातली.