मागच्या सीटचा आवाज

गाडी घेतली त्याच आठवड्यात सूनबाईंनी एक शोध लावला होता. पडद्यावरचा ठिपका बोटाने मागे ओढला की गाणी फक्त मागच्या स्पीकरमधून वाजतात आणि पुढच्यांना हवं ते बोलता येतं. मागे सासूबाई बसत. "अरे, फार दणदणतंय इथे," अशी त्यांची कुरकुर असे, आणि त्यांचा लेक मान न वळवता सांगे, "आई, कंपनीनेच तसं दिलंय." कंपनीच्या नावाने पावती फाडायची ही सोय वर्षानुवर्षं सुखाने चालली होती.

आणि पुढे बोलायचं काय, तर सासूबाईंची नक्कल. सूनबाईंना ती देणगीच होती. तो सुस्कारा, ते 'माझं काय बाई', सगळं इतकं हुबेहूब की नवरोबांना हसता हसता गाडी सांभाळणं जड जाई.

त्या रविवारी मात्र प्रकरण गंभीर होतं. "आई, आता कायमची माझ्याकडे ये," असा नणंदेने लकडा लावला होता, आणि आज तिच्याकडे जेवायला जाऊन सासूबाई काय ते सांगणार होत्या. लेकीला शाळेतून आणायचं, तिचा अभ्यास घ्यायचा, हे सासूबाई बघत म्हणून सूनबाईंची नोकरी टिकली होती. शिवाय त्या गेल्यावर नक्कल कोणाची करायची, हाही प्रश्न होताच.

लेकीला मैत्रिणीकडे सोडून मंडळी निघाली, तोच गाडीच्या पडद्यावर अपडेट आलं. नवरोबांनी नेहमीप्रमाणे काही न वाचता 'मान्य' दाबलं. वाचलं असतं तर कळलं असतं की आता ध्वनीचा दर्जा सुधारला असून मागच्या प्रवाशांनाही संभाषणात सामील करून घेतलं जाईल. म्हणजे पुढे कोणी तोंड उघडलं की गाणं आपोआप दबणार आणि छतातला माइक ते बोलणं मागच्या स्पीकरवर पोचवणार, तेही एक अक्षर न गाळता.

काळजी लागली की सूनबाई जास्तच रंगात येत. "आज आई काय म्हणतील, सांगू?" असं म्हणून त्यांनी सुस्कारा सोडला. "माझं काय बाई. मला मेलीला एक कोपरा दिलात तरी पुरे. फक्त तो खिडकीजवळचा हवा, पंख्याखालचा हवा, आणि तिथून स्वयंपाकघर दिसायला हवं."

नवरोबा खो-खो हसले, आणि हसता हसता त्यांचं लक्ष आरशाकडे गेलं. आई दारातल्या स्पीकरला कान लावून, बातम्या ऐकाव्यात तशी बसली होती.

"'मेलीला' मी म्हणत नाही," सासूबाई मागून म्हणाल्या. "बाकी ठीक आहे."

कोणी बोलेना, तेव्हा गाणं आपलं आपण मोठं झालं. सूनबाईंना लाज वाटली, आणि लाजेहून जास्त भीती. उरलेला रस्ता त्या मनातल्या मनात कंपनीच्या इंजिनिअरांच्या सात पिढ्या उद्धरत बसल्या.

नणंदेचं घर चकचकीत होतं. तिथे सगळे हळू आवाजात बोलत. "आई, पाणी देऊ? आई, उशी देऊ?" जावईबापू तर आपल्याच घरात पाहुण्यासारखे दबकत चालत. जेवणं झाल्यावर नणंदेने आईसाठी लावलेली खोली दाखवली. खिडकी होती, पंखा होता, दारातून स्वयंपाकघरही दिसत होतं. सूनबाईंनी आशा सोडली.

सासूबाईंनी खाटेवर बसून पाहिलं. "खोली छान आहे गं," त्या लेकीला म्हणाल्या. "पण इथे सगळे फारच चांगलं बोलतात. मला करमायचं नाही."

"म्हणजे काय, आई?"

"म्हणजे काही नाही. माझी पिशवी आण."

परत निघताना त्यांनी सरळ पुढचं दार उघडलं. "मागे खूप वर्षं बसले," एवढंच म्हणाल्या. सूनबाई मुकाट्याने मागे बसल्या आणि गाणं त्यांच्या कानाशी दणदणू लागलं.

वळण घेतल्यावर गाणं अचानक दबलं आणि दारातल्या स्पीकरमधून सूनबाईंना स्वतःचाच आवाज आला. "छे, मी कुठे काय म्हटलं? तुम्हाला आवडेल तसं करा. मला काय... चालेल."

'चालेल'च्या आधीचा तो इवलासा थांबासुद्धा सुटला नव्हता. नवरोबा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. एवढे ते बायकोने केलेल्या नकलेला कधी हसले नव्हते. ही एका दिवसाची तयारी नाही, हे सूनबाईंना कळायला वेळ लागला नाही. शाळेतून येताना आजी-नात जिन्यात कशाला खिदळतात, असं शेजारीण नेहमी विचारायची, त्याचंही उत्तर मिळालं.

सूनबाईंना रागवायचं होतं, पण हसू आधी आलं. ते दाबत त्या पुढे वाकल्या. "आई, 'चालेल' एवढं तिरकं मी म्हणत नाही."

"म्हणतेस," पुढून माय-लेकांनी एकदम सांगितलं, आणि मागे ते अगदी स्वच्छ ऐकू आलं.