चौखूर

अल्फान्सो मास्तरांचे पत्र विठ्ठलपंतांनी गेल्या साली पंचांगात जपून ठेवले होते. साल सरले, पत्र जुन्या पंचांगातून नव्यात गेले. उत्तर मात्र गेले नाही. ठाण्याचे मास्तर मराठी शब्दांचा कोश करीत होते. त्यांनी एवढेच विचारले होते, की घोड्याच्या सर्वांत वेगाच्या धावेला ‘चौखूर’ का म्हणतात?

पंतांनी कल्याणातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या पोथ्या चाळल्या, अकरा मसुदे केले आणि प्रत्येकाखाली ‘खात्री नाही’ असे लिहून फाडले. काल मास्तरांचे कार्ड आले. ‘घ अक्षर छापून होत आले, पुढे च. सोमवारपर्यंत थांबतो, मग शब्द गाळतो. तुम्हांवाचून दुसऱ्या कोणाला विचारायचे नाही, असे ठरवले होते.’

शेवटची ओळ वाचून पंतांना जेवण गेले नाही.

“चारही खूर एकदम पडतात म्हणून चौखूर, असं लिहू का?” त्यांनी थोरल्या बहिणीला विचारले.

हौसाबाई भाकरी थापीत म्हणाल्या, “विठू, चारही पाय एकदम टाकतो तो बेडूक. गुणाजी नालबंदाला विचार की. का त्याच्याशी बोलायचीही लाज वाटते?”

वाटत होती. तरी पंत गेले.

गुणाजीने नुकतेच एका टांग्याच्या घोडीला नाल ठोकले होते. नवे नाल बसवले की तो जनावर पळवायला लावी आणि स्वतः पाठ फिरवून, डोळे मिटून उभा राही. ढिला नाल त्याला कानाने कळे.

“तुम्हीही मिटा, पंत. आणि बोटांवर मोजा.”

टांगेवाल्याने घोडीवर मांड टाकली. ती दुडक्या चालीने निघाली. टप टप, टप टप. दोनच. मग ती सुटली, आणि पंतांची चार बोटे एकामागून एक हलली. जरा उसंत, पुन्हा चार.

“किती?”

“चार असावेत.”

“असावेत? खुरांना विचारून येऊ का?”

“चार,” पंत म्हणाले. “वेगवेगळे.”

“माझा आजा त्यालाच चौखूर म्हणायचा.”

पंतांनी तिथेच, ऐरणीवर कार्ड ठेवून लिहिले: ‘चारही खूर वेगवेगळे वाजतात म्हणून, असे गुणाजी नालबंद सांगतात. मी स्वतः ऐकले.’ पुढे ‘बहुधा’ लिहायला हात शिवशिवला.

“पुरे,” गुणाजी म्हणाला. “जास्त ठोकलं की घोडी लंगडते.”

टपालपेटीपाशी पंतांनी डोळे मिटले, आणि कार्ड तळाशी पडल्याचा आवाज नीट ऐकून मगच ते घराकडे वळले.