पट्ट्यावरचा भंडारा

नखाच्या कडेला पिवळं राहिलंच होतं – पदरानं दोनदा पुसूनही. बयाबाईंनी मूठ मिटली आणि मांडीखाली दडवली. दडवायची सवय नसलेली मूठ... ती तिथं अवघडून बसली.

समोर गाडीचं तोंड उघडं होतं आणि आत इंजिनाचा पट्टा किंचाळत होता.

कुपवाडातलं हे शेड इंद्रजितचं, त्यांच्या लेकाचं. तो लेथ चालवायचा आणि एका कोपऱ्यात नात, समीक्षा, लोकांच्या गाड्या उघडायची. ही गाडी कोरेगावच्या वीरधवलची. त्याला पाचगणीचा घाट दणकून चढायचा होता, म्हणून समीक्षानं इंजिनाला टर्बो बसवला. सकाळीच बयाबाई त्याला म्हणाल्या होत्या, की आमची मेंढरं टर्बोबिगर चढत्यात, आणि तो बिचारा हसावं की नाही या विचारात पडला होता. तर त्या टर्बोच्या धगीनं शेजारचा, बॅटरी भरणारा अल्टरनेटर भाजायला लागला. तो मेला की बॅटरी मेली आणि गाडी घाटात आंधळी. पोरीनं एसीचा कॉम्प्रेसर काढला आणि त्याच्या रिकाम्या जागी, खाली, थंड बाजूला अल्टरनेटर नेऊन बसवला. धरणारी लोखंडी पट्टीसुद्धा स्वतः घडवली. हे जमलं तर कोपरा तिचा. न जमलं तर तिथं दुसरा लेथ – इंद्रजितनं बजावून ठेवलं होतं.

आणि नव्या जागी बसवलेली वस्तू तशीच कोरडी कशी ठेवायची? पोरगी चहाला गेल्यावर बयाबाईंनी बिरोबाचं नाव घेऊन तेलाचं बोट लावलं, वर हळदीचा भंडारा. अल्टरनेटरला, पट्टीला, आणि पट्ट्याला तर आतून, हात घालून घालून, कारण जे फिरतं ते तेलाला भुकेलं असतं, पाळण्याच्या कडीपासून... पण हा पट्टा कडी नव्हता. हा बांधायचा दोर होता, तेल लागलं की चाकावर घसरणारा. तेलकट दोर घोड्याच्या पाठीवर बिऱ्हाड धरत नाही – हे त्यांना कळायचं नाही तर कुणाला?

घोडं भरावं तर बयानं, असं मेंढरांच्या वाड्यावरची माणसं म्हणायची. कुठल्या बाजूला भांडी, कुठं कोकरू, कुठं कोंबडी, आणि सगळ्याच्या वर बांधलेला हा इंद्रजित, शेंबडा. सासूच्या पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या जागा बयानं पहिल्याच वर्षी हलवल्या. घोडं पडंल, सासू म्हणाली. घोडं पडलं नाही. पुढं जतकडचं माळरान सोडून अख्खं बिऱ्हाड कुपवाडात आणलं तेव्हाही सगळे तेच म्हणाले. आपण कुणाच्या बापाला विचारलं नाही...

इंजिन बंद झालं. शेडात नुसता जळक्या रबराचा वास राहिला.

"म्हणलं हुतं न्हवं?" इंद्रजित हात पुसत म्हणाला. "कंपनीनं दिलेली जागा हलवू नगं. बॅटरीचा लाल दिवा इझला का? पट्टी वाकडी बसलीया तुजी."

वीरधवल घड्याळाकडं बघत होता.

समीक्षा विजेरी घेऊन वाकली. तिचा हात आत गेला आणि थांबला. बयाबाईंना तो थांबलेला दिसला. पोरीनं मान वळवली, आज्जीकडं बघितलं, मग मांडीखालच्या मुठीकडं. आता बोलणार. भाकरी जाड झाली तरी तोंडावर सांगणारी पोर ती. बयाबाईंनी हनुवटी वर केली, उलटं उत्तर जिभेवर तयार ठेवलं.

"पट्टी सरळ हाय, पप्पा," समीक्षा म्हणाली. "पट्टा ताणायला मी चुकले. काढून पुसते, परत बसवते."

इंद्रजितनं वीरधवलकडं बघून मान हलवली – बघा, म्हटलं नव्हतं?

चुकले. केवढा शब्द, आणि पाणी प्यावं तसा बोलून मोकळी. हे कुणाकडनं आलं हिच्यात? माझ्याकडनं न्हाई. मी माझं कधी माझ्या डोक्यावर घेतलं न्हाई, दुसऱ्याचं कुठलं घेतीया... कणा तेवढा माझा. वाकली ती इंजिनात, बापापुढं नाही. बयाबाईंच्या छातीत काहीतरी वर चढत होतं, आणि ते लाज असेल म्हणून त्या दबकल्या, तर तो ताठाच निघाला, नेहमीचाच, फक्त या खेपेला त्याचं तोंड पोरीकडं होतं.

पोरीनं पट्टा पुसला, चाकांच्या खाचा पुसल्या. फडक्याची पिवळी बाजू आत घडी करून खिशात घातली. पट्टा चढवला, बोटानं दाबून बघितला, शेवटचा बोल्ट आवळला आणि चावीकडं जाता जाता आज्जीकडं बघून इवलीशी मान हलवली. गप बस.

मला गप बस म्हणती.

आजवर कुणाची जागा कुठं, ते त्यांनी ठरवलं होतं. आज त्यांची जागा दुसऱ्या कुणी ठरवली – थंड बाजूला, धगीपासून लांब, आणि किती हलक्या हातानं. जागा चांगली होती. पण "चुकले" हा शब्द अजून शेडात फिरत होता, इंद्रजितच्या मान हलवण्यात, वीरधवलच्या घड्याळात, आणि तो त्या पोरीचा नव्हता.

चावी फिरली. बयाबाईंनी लाल दिव्याकडं बघितलं नाही. त्यांनी मांडीखालची मूठ बाहेर काढली आणि उजेडात, गुडघ्यावर, पिवळं नख सगळ्यांना दिसेल अशी उघडून ठेवली.