मुकी क्लिप

"टाक्यावर टाका, दोरा ओवला दुहेरी
बसेल त्याला गं गादी, सुखी पोचव घरी..."

हा आवाज शेठच्या कानात लहानपणापासून होता. अरुंद गाळ्यात आई मोटारींच्या सीटची कव्हरं शिवायची आणि टाक्यागणिक गुणगुणायची. त्या एका गाळ्यातून पुढे दुकानांची साखळी उभी राहिली. ब्रेक पॅड, वायपर, मॅट, हॉर्न, गाडीला लागेल ते तिथे मिळे. पाटी कुठलीही असो, तिच्यावर आईचंच शिवणयंत्र चितारलेलं. लेकाने पसारा वाढवला, पण मूळ सोडलं नाही, असं आई कौतुकाने सांगे.

आज नवी शाखा उघडली होती. शेठ आईला आणि बायकोला दुकान दाखवत होता. तेवढ्यात काउंटरपाशी एक चष्मेवाले गृहस्थ म्हणाले, "ती आवाज बंद करणारी क्लिप द्या हो. सीटचा पट्टा नाही लावला की गाडी नुसती किणकिणते. डोकं उठतं!"

"हे काय असतं रे?" आईने विचारलं.

"ही पट्ट्याच्या खाचेत खोचायची. गाडीला वाटतं, पट्टा लावला. आमचा सगळ्यात खपाचा माल!"

"आणि पट्टा?"

"तो लावायचाच नाही, म्हणून तर ही!"

आईने क्लिप तळहातावर घेतली. "रडणाऱ्या पोराच्या तोंडावर हात ठेवला, तर त्याची भूक भागते का रे बाळा? ती बिचारी गाडी जीव तोडून सांगते, सांभाळ. आणि आपण तिलाच मुकी करायची?"

"अगं, लोक मागतात. आपण नाही विकली तर समोरचा विकेल."

"विकू दे. त्याच्या पाटीवर माझं यंत्र नाही. मी कव्हरं शिवायचे ती, माणूस घरी पोचावा म्हणून."

शेठने हसण्यावारी नेलं. "तुम्ही सगळ्या सारख्याच! हीसुद्धा गाडीत बसली की सुरू व्हायची, पट्टा लावा, पट्टा लावा. मी म्हटलं, तुझ्यासाठीही एक क्लिप आणतो!"

कुणीच हसलं नाही. सून मॅटच्या घडीवरून उगाच हात फिरवत राहिली.

"मग?" आईने हळूच विचारलं. "त्यानंतर ती कधी बोलली का रे?"

शेठ आठवू लागला. नाही. त्या दिवसापासून एकदाही नाही! शेजारी बसायची, रस्त्याकडे बघायची, पदराचं टोक मुठीत धरायची. अरे देवा! आपण गाडी मुकी केली, आणि घरही!

त्याने क्लिपांचा ट्रे उचलून काउंटरखाली ठेवला. "सगळ्या शाखांना कळवा," तो व्यवस्थापकाला म्हणाला, "हा माल आजपासून बंद."

"अहो, मग मी काय करू?" चष्मेवाले कुरकुरले.

"पट्टा लावा काका. आवाज आपोआप थांबतो. आणि तो पट्टा गाडीबरोबर फुकट आलाय!"

काका आधी रागावले, मग त्यांनाच हसू फुटलं.

मंडळी, आपल्याही घरात कुणीतरी असं किणकिणत असतं. सावकाश जा, औषध घे, पोचलास की फोन कर. त्या आवाजाला कटकट म्हणू नका. काळजीचं तोंड बंद केल्याने संकट टळत नाही. आपल्याला हाक मारणारं माणूस तेवढं गप्प होतं.

घरी निघताना शेठने स्वतःच्या गाडीतली क्लिप ओढून काढली. गाडी लगेच किणकिणू लागली.

"मी केव्हाच लावलाय रे!" मागच्या सीटवरून आई म्हणाली.

शेठने मात्र पट्ट्याला हात लावला नाही. बायकोकडे बघत तो थांबला.

"म्हण ना."

"काय?"

"तेच. पूर्वीचं."

तिने पदराचं टोक सोडलं.

"अहो, पट्टा लावा ना," ती म्हणाली. "रोज मनातल्या मनात म्हणत होते. दुकानं हवी तेवढी वाढवा, पण मला घरी तुम्ही हवे आहात."