उन्हाकडे पाठ

थांबा, आधी माझं झाकण काढा. हां. आता बोलते.

मी लेन्स आहे. कॅमेऱ्याच्या तोंडाशी बसणारी, आणि तीही अगदी जवळचं बघणारी. डोंगर, देवळं, लग्नाची स्टेजं मला विचारू नका. मुंगीच्या मिशा विचारा. जपानात घडले, कुणाकुणाच्या गळ्यात लोंबकळले आणि शेवटी उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये कमलेशशेठच्या दुकानात जुन्या मालाच्या कपाटात येऊन पडले.

तिथे मला हिरामण भेटला. बदलापूर गावातला माणूस, अंबरनाथला कारखान्यात कामाला. कमलेशशेठनं मला ट्यूबलाइटसमोर धरलं. "हिरामणभाऊ, लेन्स हमेशा उजेडासमोर धरून बघायची. वरून सगळ्याच चकाचक दिसतात. देखो, अंदर ना धूळ, ना बुरशी. एकदम साफ!" मी तेव्हा खरंच साफ होते हो.

रविवारी सकाळी हिरामण मला नदीकाठच्या शेतावर घेऊन जायचा. बांधावर पालथा पडायचा आणि सूर्य नेहमी पानाच्या मागे घ्यायचा. सगळी दुनिया सूर्य पाठीशी घेऊन फोटो काढते, याचं उलटं. पण काय दिसायचं म्हणून सांगू! भेंडीच्या पानाची शीर न शीर उजळायची. सुरवंटाच्या केसांना सोनेरी कड यायची. चतुराचे पंख तर नुसते पेटायचे. त्या उलट्या उजेडाचा नाद त्याला मीच लावला, हे कबूल करते. माझाही त्यात जीव अडकला होता.

आता एक अडचण असायची. ऊन मागून आलं की फुलाचं तोंड काळं पडतं. त्यावर उपाय म्हणजे विठा, त्याची बायको. ती चहाच्या किटलीबरोबर घरातलं स्टीलचं ताट आणायची, तिच्या लग्नातलं, काठावर तिचं नाव कोरलेलं. फुलापुढे बसून ते ताट उन्हात असं काही वाकडं धरायची, की उजेड उलटून बरोबर फुलाच्या तोंडावर पडायचा. "जरा वर. अजून. बस, हलू नको," हिरामण म्हणायचा. "फुलासाठी माजा हात मोडल, पन तुमचं काय संपाचं नाय," ती म्हणायची. आणि हात हलवायची नाही.

मला सांभाळायची तीच. एका डब्यात खाली तांदूळ, वर फडकं, त्यावर मी. दमटपणा नको म्हणून दर महिन्याला तांदूळ बदलायची आणि जुने चिमण्यांना टाकायची. हिरामणला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याला वाटायचं, लेन्स आपोआप चांगली राहते. माणसं अशीच असतात, मेली!

एका रविवारी विठा उठून उभी राहिली आणि म्हणाली, "अवो, किड्यामुंग्यांचं झालं असंल तर माजा पन एक फोटू काढा ना."

सूर्य तिच्या मागेच होता. हिरामणनं मला वर केलं. तिच्या सुटलेल्या बटा लखलखत होत्या, कानाची पाळी जास्वंदीसारखी लाल दिसत होती. त्यानं खटका दाबला. "काय भारी आलाय गं!"

विठानं कॅमेऱ्यात डोकावून बघितलं. "आनि माजं तोंड कुटंय?"

तोंड काळं. कारण ताट तिच्याच हातात होतं, खाली सोडलेलं. तिच्यासाठी ते धरणारं तिथे कुणी नव्हतं. हिरामण हसला. "पुढच्या रविवारी रितू धरंल ताट. मग काढू."

रितू म्हणजे ऋतिका, त्यांची कॉलेजात शिकणारी मुलगी. पुढचा रविवार आला, पण विठा नव्हती. गुरुवारी छातीत कळ आली आणि इस्पितळात पोचेपर्यंत सगळं आटोपलं.

बाराव्याला हाराखाली ठेवायला फोटो हवा होता. घरातल्या मोबाइलमध्ये सगळ्यांचे फोटो होते, तिचाच नव्हता, कारण काढणारी तीच. हळदीच्या घोळक्यात कुणाच्या तरी खांद्याआड अर्धी दिसायची, तेवढीच. हिरामण कॅमेरा घेऊन कमलेशशेठकडे धावला. शेठनं तो काळा चेहरा कॉम्प्युटरवर उजळून बघितला. नुसते ठिपके आले. "भाऊ, माफ करा. जो आलाच नाय, तो चेहरा मी कुठून काढू?"

शेवटी आधारकार्डावरचा फोटो मोठा केला. त्यात ती घाबरलेली दिसते. तो फोटो तिला कधीच आवडला नव्हता.

हिरामणनं मला डब्यात ठेवलं आणि झाकण लावलं. मग दोन पावसाळे गेले. तांदळाला जाळी धरली, आणि मलाही.

परवा ऋतिकानं मला बाहेर काढून कमलेशशेठकडे नेलं. त्यानं मला उजेडासमोर धरलं आणि मान हलवली. "बुरशी आत बसली, बेटा. अब नहीं जाएगी." तरी पोरीनं मला घरी आणून कॅमेऱ्याला लावलं. "बाबा, दारात बसा. तुमचा एक काढते."

सवयच ती. हिरामण उन्हाकडे पाठ करूनच बसला. पांढऱ्या केसांना सोन्याची कड, तोंड मात्र काळं. ऋतिका काही बोलणार, तेवढ्यात तो म्हणाला, "मांडणीवरचं ताट आन. आयचं."

ते त्यानं स्वतःच घेतलं. आपल्या सावलीबाहेर, गुडघ्यापुढे धरलं. जरा वर. अजून. मग उजेड उलटून त्याच्या तोंडावर पडला. त्यानं काठावरच्या नावावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "एवढंच करायचं व्हतं, विठा. एवढंच."

ऋतिकानं खटका दाबला. फोटो धुरकट आला, माझ्याच्यानं आता तेवढंच होतं. पण तोंड दिसतं. डोळ्यांतलं पाणीसुद्धा दिसतं.

मी पुन्हा डब्यात आहे. खाली नवे तांदूळ आहेत, पण आता त्यांचा उपयोग नाही. माझं मागणं एकच. तुमच्याही घरात कुणीतरी ताट धरून बसलं असेल. उद्या सकाळी ऊन असेल, तर ते ताट तिच्या हातातून घ्या आणि तिच्या तोंडापुढे धरा. पुढच्या रविवारवर ढकलू नका.