माउली बायकाच नेतील

ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना. इथे परदेशात, ट्रुगानिना-टार्निटकडच्या आमच्या वसईकर मंडळींत मरियामाउलीची दोन फुटी मूर्ती आहे, ती महिनाभर घरोघर फिरते. एका घरी तीन-चार दिवस मुक्काम. निघायच्या दिवशी सगळ्यांनी जमून जपमाळ म्हणायची, मग प्रत्येकाने आपला हेतू, म्हणजे देवाकडे काय मागायचं ते, मोठ्याने सांगायचं. बाकीच्यांनी 'आमेन' म्हणायचं. त्यानंतर फुगे, म्हणजे मैद्याचे तळलेले गोळे, चटणी सँडविच, चहा, आणि फुग्यांनी तेल किती प्यायलं यावर चर्चा. गेली नऊ वर्षं हे सगळं मी चालवते. मी मिल्ड्रेड, वय सत्तावन्न. पॅथॉलॉजी सेंटरवर लोकांचं रक्त काढते. घरी आल्यावरही काढते, असं माझा नवरा लिओ म्हणतो.

दोन वर्षांपूर्वी माउली जोॲनच्या घरी होती. जोॲन पस्तिशीची, कुणाच्याही मदतीला धावणारी. तिचा नवरा ड्वेन आमच्यात सगळ्यांत मोठ्या आवाजात प्रार्थना म्हणायचा. हेतूंची वेळ आली. कुणी पीआर, म्हणजे इथला कायमचा रहिवास, मागितला, कुणी विरारच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट होऊ दे म्हणालं. जोॲन म्हणाली, "या घरात शांती राहू दे. उद्या सकाळी मला उठू दे."

आम्ही चौदा माणसं एका सुरात म्हणालो, आमेन. मग मी फुग्यांचं ताट फिरवलं.

एकोणीस दिवसांनी ड्वेनने तिला गॅरेजमध्ये इतकं मारलं की तिचं कमरेचं हाड मोडलं. शेजारच्या पंजाबी आजीने पोलिसांना फोन केला म्हणून ती वाचली. त्या आजीला इंग्रजीचे चार शब्द येत होते. आम्हाला तर मराठी येत होती, आणि जोॲन मराठीतच बोलली होती.

तेव्हापासून ते वाक्य माझ्या घरात राहायला आलं. डिशवॉशर चालू केला की त्या घरघरीत ते ऐकू यायचं. पहाटे अलार्मच्या आधी मला जाग यायची आणि उशीशेजारी कुणीतरी म्हणायचं, उद्या सकाळी मला उठू दे. मी लिओला हलवून विचारायचे, काही म्हणालास का? तो घोरत असायचा. फादरना सांगितलं तर म्हणाले, स्वतःला क्षमा करा. क्षमा म्हणजे काय दुकानातलं कूपन आहे, आपलं आपणच फाडून घ्यायला?

सहा महिन्यांनी जोॲनने तिला मदत करणाऱ्या संस्थेच्या सपोर्ट वर्करकडून निरोप पाठवला, आंटीला भेटायचं आहे. कुठे भेटलो ते मी कुणालाच सांगत नाही. तिच्या हातात काठी होती. मी माफी मागता मागता रडायला लागले. तिने मला पुरतं रडू दिलं.

"आंटी, तुम्ही सगळे आमेन म्हणालात ना," ती म्हणाली, "तेव्हा मला कळलं की आता कुणी येणार नाही."

मी पर्समधून रुमाल काढून डोळे पुसले.

"रडून काय होणार? काहीतरी काम करा," ती म्हणाली. "बाईला विचारा. पण नवरा नसेल अशा जागी विचारा. मला अशी जागाच नव्हती. आणि फक्त संशय येतो तिलाच नका विचारू. मग घरी गेल्यावर तिची उलटतपासणी होते. सगळ्यांना विचारा, म्हणजे कुणीच उघडी पडत नाही."

हे मला लगेच पटलं. आमच्या कामात सुई टोचण्याआधी प्रत्येकाला नाव आणि जन्मतारीख विचारायची असते. समोर सख्खी बहीण असली तरी.

घरात मार खाणाऱ्या बायकांना मदत कशी करायची, याच्या कौन्सिलच्या ट्रेनिंगला मी जायला लागले. सहा मंगळवार. बाई सांगेल त्यावर विश्वास ठेवायचा. 'मग सोडून का जात नाहीस' हे विचारायचं नाही. हेल्पलाइनचा नंबर द्यायचा. आणि नवऱ्याला समजवायला जायचं नाही. हे शेवटचं मला फार जड गेलं, कारण समजूत घालणं हा तर आमचा पिढीजात धंदा.

या ऑक्टोबरला मी नवा नियम काढला. माउलीला एका घरातून दुसऱ्या घरी बायकाच नेतील. ज्या घरातून माउली निघेल त्या घरची बाई आणि मी, माझ्या गाडीतून. पुरुषांनी मागे बसून चहा प्यावा.

"हे कुठल्या बायबलात लिहिलंय?" लिओ म्हणाला. "माउलीला आता लेडीज टॅक्सी लागते वाटतं!"

"लागते. आणि ड्रायव्हरला संध्याकाळी आयता स्वयंपाक लागतो," मी म्हटलं.

मूर्ती मागच्या सीटवर, पट्टा बांधून. नाही बांधला तर गाडी पीं-पीं करत राहते. दहा-बारा मिनिटांचा रस्ता. पहिल्या राउंडअबाउटनंतर मी प्रत्येकीला तेच विचारायचे. "घरी तुला कुणाची भीती वाटते का? मी सगळ्यांनाच विचारते. आज उत्तर नाही दिलंस तरी चालेल, माझा फोन चालू असतो." सात घरं झाली. चौघी हसल्या. एक म्हणाली, भीती वाटते ती फक्त तुमची. एक आईच्या आठवणीने रडली. एक काहीच बोलली नाही, आणि पाचव्या दिवशी सेंटरवर येऊन माझ्यासमोर बसली. आता ती आणि तिची मुलगी सुखरूप आहेत. मला वाटलं, आता तरी तो आवाज जाईल. गेला नाही.

आठवं घर माझ्या मुलाचं, जॉयलचं. जॉयल म्हणजे सोनं. नऊ वर्षांचा असताना आम्ही त्याला इथे आणलं, आता इंजिनिअर आहे. चार वर्षांपूर्वी वसईला जाऊन लग्न केलं, जॅनेटशी. ती चाइल्डकेअरमध्ये काम करते. तो तिला रोज शिफ्टला सोडतो, आणायलाही जातो. तिचे कपडे इस्त्री करतो. तिचा फोन बिघडला तर स्वतः दुरुस्त करतो. मी मैत्रिणींना अभिमानाने सांगायचे, असा नवरा शोधून सापडायचा नाही.

शनिवारी दुपारी माउली निघाली. जॉयलने मूर्ती सीटवर ठेवून पट्टा बांधला, माझ्या गालाची पापी घेतली. "Drive safe, Mum."

राउंडअबाउट आलं तेव्हा मी गप्पच राहणार होते. घरच्या पोरीला काय विचारायचं? पण नियम मीच काढलेला, म्हणून हसत हसत म्हटलं, "आता तुलाही विचारते हं, जॅनेट. घरी तुला कुणाची भीती वाटते का?"

ती हसली नाही. बोटाने तिने मला गाडी बाजूला घ्यायला सांगितलं. मी थांबवली. तिने आपला फोन मागे माउलीशेजारी ठेवला, उतरली, दार लावलं आणि फुटपाथच्या गवतावर बरीच लांब जाऊन उभी राहिली. मीही उतरून तिच्याकडे गेले.

"फोनमधून त्याला ऐकू जातं, मम्मी," ती हळू आवाजात म्हणाली. "त्याने तसं करून ठेवलंय."

मी म्हणणार होते, अगं, काहीतरीच काय. ते शब्द जिभेवर आले होते. मी ओठ मिटून घेतले.

"तो मारत नाही. दोनदाच मारलं. पण रोज मी कुणाशी काय बोलले ते म्हणून दाखवायला लावतो. फोनवर ऐकलेल्याशी जुळलं नाही की पुन्हा पहिल्यापासून. झोपू देत नाही." ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "जोॲनच्या घरी तिच्यानंतर माझा हेतू होता. मी म्हटलं होतं, माझ्या नवऱ्याचं मन शांत कर. तुम्हाला आठवतं? तुम्ही आमेन म्हणालात. माझ्याकडे बघून गोड हसलात."

मला आठवेना. आजही आठवत नाही. दोन वर्षं मी एका बाईचा आवाज ऐकून झुरत होते, आणि त्याच खोलीत बोललेली दुसरी माझ्या कानापर्यंत पोचलीच नव्हती, कारण ती माझ्या मुलाबद्दल बोलत होती. मला स्वतःची शिसारी आली.

माझा फोन वाजला. जॉयल.

"Mum, गाडी का थांबलीय?"

मी त्याला काहीच सांगितलं नव्हतं. म्हणजे फोनवरून त्याला नुसतं ऐकूच जात नव्हतं, आम्ही कुठे आहोत तेही दिसत होतं. आवाज नेहमीचाच होता, लाडाचा, लहानपणी ताप आला की मला हाक मारायचा तो. जॅनेट माझ्याकडे बघत होती. मी काय बोलते यावर तिचं पुढचं सगळं ठरणार होतं, हे दोघींनाही कळत होतं.

"माउलीचा पट्टा निघाला रे," मी म्हटलं. "जॅनेट बांधतेय."

"Okay. Put her on?"

"हात गुंतलेत तिचे. पोचल्यावर बोल."

"No worries. Love you, Mum."

"लव्ह यू, बाळा," मी म्हणाले, आणि त्यातलं एवढंच खरं होतं.

माउलीच्या पुढच्या मुक्कामी, टार्निटच्या घरी पोचेपर्यंत आम्ही फुग्यांबद्दल बोललो, तेल, मैदा, यीस्ट, त्याला ऐकू जावं म्हणून मोठ्याने. मूर्ती टेबलावर ठेवली, जॅनेटचा फोन तिच्या पायाशी. माउलीच्या स्वागताला जमलेल्या बायकांनी जपमाळ सुरू केली. मी घरच्या बाईच्या कानात दोन वाक्यं सांगितली. तिने काही न विचारता आपला फोन दिला. माझा वापरायची हिंमत नव्हती, तोही जॉयलनेच सेट करून दिला होता. कपडे धुवायच्या खोलीत मी आणि जॅनेट दार लावून जमिनीवर बसलो. बाहेरून 'नमो मारिया' ऐकू येत होतं. तिकडे जॉयललाही येत असणार.

हेल्पलाइनवरच्या बाईशी आधी जॅनेट बोलली. तिला बोलवेना झालं तेव्हा तिने फोन माझ्या हातात दिला. त्या बाईने शांतपणे, कामाच्या आवाजात इंग्रजीत विचारलं की त्या माणसाशी तुमचं नातं काय.

"आय ॲम हिज मदर," मी म्हणाले.

मग तिने त्याचं पूर्ण नाव आणि जन्मतारीख विचारली. तारीख, महिना, वर्ष, मला काहीच आठवावं लागलं नाही. नावाचं स्पेलिंग मी एकेक अक्षर करून सांगत गेले, आणि ती पलीकडे लिहून घेत गेली.