लाइट बिलावरचं नाव

मी एक जुनी रेक्झिनची बॅग आहे. धारावीतल्या एका पोटमाळ्यावर मला शिवलं आणि घाटकोपरच्या भटवाडीतल्या चंद्रप्रकाश परबांनी विकत घेतलं. तेव्हापासून त्या घरातले सगळे कागद माझ्यात राहिले: निशाच्या मार्कलिस्ट, रेशनकार्ड, लाइट बिलं. दर महिन्याला ते मला मांडीवर घेऊन सगळं पुन्हा लावायचे. इतर कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे.

"एवढे लाड माझे कधी केले नाहीत हो!" त्यांच्या पत्नी रत्नप्रभा म्हणायच्या.

मला मान होता, मित्रांनो.

फेब्रुवारीत चंद्रप्रकाश गेले. सकाळी चहा मागितला, तो हातात येईपर्यंत सगळं संपलं होतं. तीन आठवड्यांनी त्यांच्या मुलीला, निशाला, नोकरीसाठी आयर्लंडला जावंच लागलं. मी कपाटावर गेले. नवं बिल आलं की रत्नप्रभा ते न उघडता माझ्यात सारायच्या.

एका दुपारी निशाचा व्हिडिओ कॉल आला.

"आई, इथली बँक खातं उघडत नाहीये. भारतातल्या पत्त्याचा पुरावा मागतायत, माझ्या नावाचा. आधारकार्ड चालत नाही त्यांना. शुक्रवारपर्यंत झालं नाही तर पगार अडकेल, रूमही जाईल."

"तुझ्या नावाचं काय असणार गं? सगळं ह्यांच्याच नावावर."

"बघ तरी. बॅग काढ ना."

रत्नप्रभांनी मला खाली घेतलं, वरचं बिल फोडलं आणि चष्मा सारखा केला.

"निशा, ह्यावर तुझं नाव आहे."

"काहीतरीच! पप्पांचं असेल."

"निशा चंद्रप्रकाश परब. मला वाचता येतं गो!"

त्याखाली एकाच टाचणीत दोन कागद होते. पहिला बिलावरचं नाव बदलण्याचा अर्ज. समासात चंद्रप्रकाशांचं अक्षर होतं: 'परदेशात बँकेला लागतं.' दुसरा हॉस्पिटलचा रिपोर्ट. रत्नप्रभांनी तो कॅमेऱ्यापुढे धरला. निशाने वाचला, मग पुन्हा वाचला. हृदयाच्या दोन रक्तवाहिन्या जवळजवळ बंद. ताबडतोब दाखल व्हावे.

दोन्ही कागदांवर तारीख एकच होती. नऊ जानेवारी.

"त्या दिवशी तर गॅस आहे म्हणाले," रत्नप्रभा म्हणाल्या. "येताना जिलबी आणली होती."

"दहा तारखेला मी तिकीट काढलं, आई. पप्पाच म्हणाले, आता थांबू नकोस, काढून टाक."

रत्नप्रभांनी बिलाचा फोटो काढून निशाला पाठवला.

निशाने तो बँकेला दिला. गुरुवारी खातं उघडलं. तिने रिपोर्टचाही फोटो मागितला होता. तो रत्नप्रभांनी अजून पाठवलेला नाही.

मित्रांनो, चंद्रप्रकाश होते तेव्हा तो रिपोर्ट महिनाभर माझ्यात पडून होता. बॅगेला बोलता येत नाही. तुमच्या घरीही माझ्यासारखी एखादी बॅग असेल आणि ती एकट्याने सांभाळणारं माणूस असेल. आज त्याच्याजवळ बसा. ते म्हणेल, "राहू दे, मी बघतो." तरीही बॅग उघडा.